च, ज, त्स आणि कंपनी: अफ्रिकेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सोय करून ठेवू. पुढे मी सारखं "चिमणीतला च" आणि "चाकातला च" असं म्हणणार आहे, तसंच "जीभेतला ज" आणि "जाळ्यातला ज". अक्षर एकच दिसतं पण आवाज दोन आहेत, आणि मराठी बोलणाऱ्याला ते फुकटात मिळालेत. मोठ्याने म्हणून बघत बघत वाचा, मनातल्या मनात वाचून यातलं अर्धं कळत नाही.

अफ्रिकेट म्हणजे काय? आफ्रिकेशी काही संबंध आहे का?

काडीचाही नाही. लॅटिनमध्ये "घासणे" अशा अर्थाचं क्रियापद आहे त्यावरून हा शब्द आलाय. आपल्याकडे पुस्तकांत कुठे अर्धस्फोटक म्हणतात कुठे स्पर्शसंघर्षी, मी अफ्रिकेटच म्हणतो कारण दर वेळी स्पर्शसंघर्षी टाइप करायचा कंटाळा येतो.

होतं काय की त, प, क म्हणताना जीभ किंवा ओठ हवा पूर्ण अडवतात आणि मग फट्कन सोडतात, तो झाला स्फोटक. स, श, फ (इंग्रजीतला) म्हणताना हवा अडवली जातच नाही, बारीक फटीतून घासत जाते, तो घर्षक. अफ्रिकेटमध्ये सुरुवात पहिल्यासारखी आणि शेवट दुसऱ्यासारखा, म्हणजे हवा आधी पूर्ण अडवायची आणि मग जीभ पूर्ण बाजूला न करता नुसती किंचित सैल करायची की तिथूनच हवा घासत बाहेर येते. दोन्ही क्रिया साधारण एकाच जागी आणि एका दमात.

पटत नसेल तर "चिमणी" म्हणायला घ्या आणि पहिला च् लांबवायचा प्रयत्न करा. नाही लांबवता येत, शेवटी तोंडातून श्श्श एवढंच येत राहतं. आता "चाक"चा च् लांबवा, आता स्स्स येतो. म्हणजे च च्या आत श किंवा स लपलेला होता आणि तुम्ही तो आजवर लाखो वेळा म्हटलाय.

मग त नंतर पटकन स म्हटलं की झालं का अफ्रिकेट?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला वाटतं या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आवाजाच्या पातळीवर कधी कधी जवळजवळ तेच होतं, पण एक आवाज की दोन हे कान ठरवत नाही आणि लिपी तर अजिबात ठरवत नाही, ते ती भाषा ठरवते.

पोलिशमध्ये "चिस्ता" म्हणजे स्वच्छ (स्त्रीलिंगी) आणि "ट्शिस्ता" म्हणजे ३००. पहिल्यात च हा एक आवाज आहे, दुसऱ्यात ट आणि श असे दोन सुटे आवाज शेजारी बसलेत, आणि काळजीपूर्वक बोलणारा पोलिश माणूस दोन्ही वेगळे म्हणतो, दुसऱ्यात घासण्याचा भाग जास्त वेळ चालतो. घाईत बोलताना बऱ्याच जणांचं एकच होतं ते सोडा. मी हे दोन शब्द रेकॉर्ड करून किती वेळा ऐकले असतील, पहिल्या आठवड्यात मला काहीही फरक कळत नव्हता आणि मग एक दिवस अचानक कळायला लागला.

इंग्रजीतली जुनी गंमत म्हणजे "व्हाय चूज" आणि "व्हाइट शूज". कागदावर मांडले तर आवाज तेच, त्याच क्रमाने. पण पहिल्यात च शब्दाच्या सुरुवातीला एकसंध आहे आणि दुसऱ्यात ट एका शब्दाचा, श दुसऱ्याचा, म्हणून "व्हाइट"मधला स्वर आखूड होतो आणि "शूज"चा श जरा लांबतो. ऐकणारा नेमकं यावरून ओळखतो.

तसंच इंग्रजी "कॅट्स"च्या शेवटी जे ऐकू येतं ते आपल्या चाकातल्या च सारखंच वाटतं ना? पण इंग्रजीत तो एक आवाज धरत नाहीत, कारण स हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे, बाहेरून चिकटलेला, आणि इंग्रजीचा स्वतःचा कुठलाही जुना शब्द त्स ने सुरू होत नाही. त्सुनामी बाहेरून आला, तोही कित्येक इंग्रज "सुनामी" असाच म्हणतात.

कधी एक मानायचं कधी दोन, याचे नियम निकोलाय त्रुबेत्स्कॉय या रशियन भाषाशास्त्रज्ञाने मांडले, त्याचं पुस्तक १९३९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलं. ढोबळ सांगायचं तर दोन्ही भाग एकाच अक्षरावयवात (शब्दाचा एका ठोक्यात म्हटला जाणारा तुकडा) येतात का, उच्चार एकाच हालचालीत होतो का, लांबी एका व्यंजनाएवढीच आहे का, आणि जिथे त्या भाषेत जोडव्यंजन चालत नाही तिथेही हा आवाज चालतो का, असे प्रश्न विचारायचे. गंमत बघा, त्याच्या स्वतःच्या नावात जो "त्स" आहे तो रशियनमध्ये एकच अक्षर आणि एकच आवाज आहे, आपल्याला मात्र लिहायला जोडाक्षर लागलं.

मराठीत अशी किती आहेत?

अक्षरं ४ (च, छ, ज, झ), आवाज ७. चिमणीतला च, चाकातला च, छ, जीभेतला ज, जाळ्यातला ज, "माझी"तला झ आणि "माझा"तला झ.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. माझा म्हणा आणि लगेच माझी म्हणा, जीभ मागे सरकते की नाही? जो आणि जी, त्याचा आणि त्याची, चमचा आणि चमचे, सगळीकडे तेच. इ, ए किंवा य पुढे आला की आवाज टाळूकडे जातो आणि बाकी ठिकाणी दातांकडे राहतो. मग संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नियम मोडतात, चंद्र, चरण, जन, जल हे टाळूकडेच राहतात. त्यामुळे "जरा थांब" मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, लिहिताना एक आणि बोलताना दोन. "चार" आकडा आणि "गुरं चार" मधला चार, तेच. मराठी शिकणाऱ्या बाहेरच्या माणसाला हे कुठेही लिहिलेलं दिसत नाही, बिचारा "चाक"ला चिमणीतला च लावतो आणि आपण हसतो.

छ ला मात्र दातांकडची जोडी नाही. का, तर मराठीत जुना छ बऱ्याच शब्दांत सरळ स झाला. हिंदीत मछली, आपल्याकडे मासळी. पूछना आणि पुसणे. छह आणि सहा.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही हो. तेलुगूमध्ये आणि कोकणीत अशाच जोड्या आहेत. काश्मिरीत दंत्य च आणि त्याचा महाप्राण (जोरात हवा सोडून म्हटलेला, च चा छ तसा) दोन्ही आहेत आणि देवनागरीत लिहिताना त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब देतात, म्हणजे च़ आणि छ़. पश्तोमध्ये तर या आवाजांना स्वतंत्र अक्षरंच आहेत. आपण नुक्ता का घेतला नाही असं मला लोक विचारतात, माझं मत विचाराल तर गरज पडली नाही म्हणून. बोलणाऱ्याला माहीत असतं, आणि लिपी बहुतेक वेळा बोलणाऱ्यासाठीच असते, शिकणाऱ्यासाठी नसते.

जगात सगळ्यात कॉमन अफ्रिकेट कुठलं?

चिमणीतला च, यात वादच नाही. फॉइबल नावाचा एक मोठा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत २,१८६ भाषांच्या ध्वनींच्या ३,०२० याद्या आहेत, आणि त्यातल्या साधारण ४० टक्के याद्यांत हा च सापडतो. जीभेतला ज त्याहून कमी, साधारण चौथा हिस्सा, चाकातला च त्याहूनही जरा कमी, आणि जाळ्यातला ज तर फारच थोड्या. ज पेक्षा च जास्त असण्याचं कारण शरीरात आहे. ज म्हणताना स्वरतंत्री थरथरत ठेवायच्या, त्यासाठी खालून हवा वाहती पाहिजे, आणि त्याच वेळी वर तोंडात हवा अडवून दाब तयार करायचा, ही ओढाताण आहे. च मध्ये ती भानगड नाही.

अफ्रिकेट नसलेल्या भाषा आहेत का?

आहेत की. हवाईयनमध्ये एकूण ८ व्यंजनं आणि त्यात एकही अफ्रिकेट नाही. आजच्या फ्रेंचमध्येही घरचं एकही नाही, बाहेरून आलेल्या शब्दांत तेवढं ऐकू येतं.

फ्रेंचची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये च होता. त्या काळात इंग्रजीने तिथून शब्द उचलले ते च सकट उचलले, चेअर, चेंबर, चीफ. पुढे १३ व्या शतकाच्या आसपास फ्रेंचमध्ये च मधला अडवण्याचा भाग गळून नुसता श उरला, आणि त्यानंतर इंग्रजीने जे घेतलं ते श घेऊन आलं, मशीन, शेफ. आता बघा, चीफ आणि शेफ हा मुळात एकच फ्रेंच शब्द आहे, दोनदा वेगवेगळ्या वेळी उधार घेतलेला. शब्द कधी आला ते नुसतं कानाने कळतं, मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा दिवसभर तेच डोक्यात होतं.

च येतो तरी कुठून? भाषेत आधीपासूनच असतो का?

बऱ्याचदा तो क किंवा त पासून घडतो. इ किंवा ए म्हणायला जीभ आधीच पुढे आणि वर जायला लागते, मग आधीचा क पण तिच्याबरोबर ओढला जातो, आणि काही पिढ्यांत क चा च होऊन बसतो. जगभर हे इतक्या ठिकाणी स्वतंत्रपणे झालंय की मोजत बसू नये.

लॅटिनमध्ये शंभरला "केंतुम" म्हणत, इटालियनमध्ये त्याचं "चेंतो" झालं. जर्मनमध्ये हनुवटीला "किन" म्हणतात आणि इंग्रजीत "चिन". चीनच्या राजधानीला जुने युरोपियन लोक पेकिंग म्हणत आणि आता बीजिंग म्हणतात, त्यात नाव बदललेलं नाही, मँडरीनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, इ च्या आधीचा क बदलला आणि जुनं स्पेलिंग मागे राहिलं. कँटोनीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार अजून क-ग सारखाच आहे.

आपल्या घरातलं उदाहरण तर त्याहून भारी. पचन आणि पाक, वचन आणि वाक्य, भोजन आणि भोग, योजना आणि योग. एकाच धातूत कुठे च-ज तर कुठे क-ग असं का? कारण संस्कृतच्याही आधीच्या भाषेत त्या जागी एकीकडे ए सारखा स्वर होता आणि दुसरीकडे ओ सारखा. ए च्या आधीचा क च झाला, ओ च्या आधीचा क तसाच राहिला, आणि मग संस्कृतपर्यंत येताना ए आणि ओ दोन्हींचा अ झाला. म्हणजे चोर पळाला पण पावलं राहिली. लॅटिनमध्ये "आणि"साठी "क्वे" हा शब्द शेवटी लागतो, तोच आपला संस्कृतचा "च". १८७० च्या दशकात युरोपातल्या बऱ्याच अभ्यासकांच्या हे जवळजवळ एकाच वेळी लक्षात आलं आणि त्यामुळे मूळ भाषेत अ, ए, ओ वेगळे होते हे सिद्ध झालं. एवढुशा च ने केवढं काम केलं.

त पासूनही होतं. जपानीत त च्या ओळीत ता, ची, त्सु, ते, तो असं म्हणतात, ती आणि तु नाहीच, म्हणून इंग्रजी "टीम" तिथे "चीमु" झाला. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये बऱ्याच भागांत "दिआ" (दिवस) ला "जीआ" म्हणतात. आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच "त्यू" (तू) चा उच्चार "त्स्यू" सारखा होतो, म्हणजे ज्या फ्रेंचने अफ्रिकेट टाकून दिली तिच्याच एका शाखेत ती नव्याने उगवतायत.

जर्मनमध्ये प आणि फ जोडून काय म्हणतात ते?

ते ओठांचं अफ्रिकेट, आणि हे जगात दुर्मीळ आहे. दोन्ही ओठ मिटून हवा अडवायची आणि सोडताना खालचा ओठ वरच्या दातांना घासू द्यायचा. "अप्फेल" म्हणजे सफरचंद, "प्फेर्ड" म्हणजे घोडा.

हे आलं साधारण ५ व्या ते ८ व्या शतकात झालेल्या एका मोठ्या बदलातून. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत प, त, क हे स्फोटक जागेनुसार अफ्रिकेट किंवा घर्षक झाले आणि इंग्रजी त्या लाटेबाहेर राहिली. म्हणून इंग्रजी टेन आणि जर्मन त्सेन, टंग आणि त्सुंग, पाउंड आणि प्फुंड, सॉल्ट आणि झाल्त्स. क चं अफ्रिकेट मात्र फक्त एकदम दक्षिणेला, स्वित्झर्लंड आणि टिरोलकडे झालं, घशातून खर्र करत येतं ते. उत्तरेकडच्या लो जर्मनमध्ये अजूनही "आपेल"च.

चिनी नावांमधला क्यू कसा म्हणायचा?

छ च्या जवळपास, क्व तर मुळीच नाही. मँडरीनमध्ये ६ अफ्रिकेट आहेत, तीन जागा आणि प्रत्येक जागी एक साधं एक महाप्राण, घोष (ज सारखं, स्वरतंत्री थरथरवून म्हटलेलं) एकही नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे दांडी उडते कारण त्यांना महाप्राण वेगळा ऐकायची सवय नाही, पण आपल्याला च-छ लहानपणापासून वेगळे आहेत. १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन स्पेलिंगमध्ये (चिनी रोमन लिपीत लिहायची पद्धत) जे (J) म्हणजे साधारण आपला चिमणीतला च (हो च, ज नाही), क्यू (Q) म्हणजे छ, झेड (Z) म्हणजे चाकातला च. सी (C) म्हणजे चाकातला च पण छ सारखा जोरात हवा सोडून, तो आपल्याकडे नाही म्हणून तोच तेवढा शिकावा लागतो. उरलेले दोन, झेडएच आणि सीएच, जीभ ट सारखी मागे वळवून.

जॉर्जियन ऐकताना मधेच टक्कन आवाज येतो तो काय?

त्याला इजेक्टिव्ह म्हणतात. फुप्फुसातली हवा वापरायचीच नाही, कंठ बंद करून वर उचलायचा, तोंडात अडकलेली हवा दाबली जाते आणि सोडली की टक्कन फुटते. जॉर्जियनमध्ये चाकाच्या जागी तीन आणि चिमणीच्या जागी तीन, घोष, महाप्राण आणि इजेक्टिव्ह, अशी ६ अफ्रिकेट आणि प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर. शेजारच्या आर्मेनियनच्या लिपीतही यासाठी ६ अक्षरं आहेत, ती लिपी इ.स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स याने केली. त्याच्या नावाच्या शेवटीही एक अफ्रिकेट बसलंय. इथिओपियातल्या अम्हारिकमध्येही इजेक्टिव्ह अफ्रिकेट आहेत.

आणि मेक्सिकोच्या शब्दांतला त्ल?

नाहुआत्ल भाषेतला तो एकच आवाज आहे. जीभ त सारखी टेकवायची आणि टोक न उचलता कडा सैल करून हवा बाजूंनी घासत सोडायची, म्हणजे अघोष ल. शब्दाच्या शेवटी हे स्पॅनिश लोकांना काही जमेना, म्हणून कोयोत्लचं कोयोते झालं. पोपोकातेपेत्ल या ज्वालामुखीच्या नावात मात्र तो टिकलाय, तेपेत्ल म्हणजे डोंगर. अमेरिकेतल्या नावाहो भाषेत याचेच तीन प्रकार आहेत.

आफ्रिकेतल्या भाषांमधले क्लिक म्हणजे अफ्रिकेटच ना?

नाही. क्लिकमध्ये तोंडात दोन ठिकाणी अडवून मधली हवा आत ओढतात, यंत्रणाच वेगळी.

हे लिहितात कसं? प्रत्येक भाषेत वेगळंच दिसतं.

कारण रोमन लिपीत यासाठी धड अक्षरच नव्हतं, म्हणून ज्याने त्याने जुगाड केलं. चेकमध्ये १५ व्या शतकापासून सी वर खूण देतात. हंगेरियनमध्ये जीभेतल्या ज साठी डीझेडएस अशी तीन अक्षरं मिळून वर्णमालेतलं एक अक्षर धरतात. स्पॅनिशमध्ये सीएच हे वर्णमालेतलं स्वतंत्र अक्षर होतं, शब्दकोशात त्याचा वेगळा विभाग असायचा, १९९४ मध्ये तो विभाग गेला आणि २०१० मध्ये अक्षराचा दर्जाही गेला. आवाज एकच राहिला, कागदावर तो कधी एक होता कधी दोन. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत दोन चिन्हं लिहून त्यांच्या डोक्यावर एक कमान काढतात, की हे दोघं मिळून एक आहेत. आळशी लोक कमान काढत नाहीत, मीसुद्धा.

लहान मूल च ला त म्हणतं, काळजी करायची का?

२०१८ मध्ये २७ भाषांमधल्या मुलांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात प, म, न असे आवाज लवकर येतात आणि अफ्रिकेट त्यामानाने उशिरा असंच दिसलं. पण बहुतेक व्यंजनं ५ वर्षांपर्यंत जमतात, त्यानंतरही अडत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. चूक कशी होते ते मजेशीर असतं, काही मुलं नुसता अडवण्याचा भाग घेतात (त), काही नुसता घासण्याचा (श). म्हणजे आपण वर जे दोन तुकडे पाडले तेच.

रेकॉर्डिंगमध्ये हे दिसतं का?

स्वच्छ दिसतं. प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं, त्यात स्वतःचा च रेकॉर्ड करा. आधी शांतता, मग बारीक टिंब, मग घासण्याचा करडा पट्टा. आता खरा खेळ, "श" रेकॉर्ड करा आणि त्याच्या सुरुवातीचा हळूहळू वाढत जाणारा भाग कापून टाका. जरा कापलं की तोच श तुम्हाला च ऐकू यायला लागतो, आणखी कापलं तर त सारखा. जीभ कुठेच टेकली नव्हती, तरी.

इंग्रजी "ट्री"ला "च्री" म्हणणं चूक आहे का?

इंग्रजी मातृभाषा असलेले कित्येक जण तसंच म्हणतात, पुढच्या र मुळे ट सुटताना घासतो. १९७१ मध्ये चार्ल्स रीड या संशोधकाने अजून शाळेत न गेलेल्या, पण स्वतःच्या मनाने स्पेलिंग करणाऱ्या मुलांचं लिखाण तपासलं, तर "ट्रेन"ची सुरुवात मुलं सीएचआर ने करताना सापडली. शाळेत गेल्यावर त्यांना सांगितलं जातं की तिथे टी आहे, आणि मग मोठेपणी त्यांना तिथे टी च ऐकू येतो.